सीमादाव्यातला पहिला प्रतिवादी

मा. संपादक यांस,

स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात सीमाप्रश्नावरच्या, म्हणजे बेळगाव आणि भोवतालची मराठी गावे महाराष्ट्रात असावीत की कर्नाटकात या वादावरच्या, एका बैठकीची बातमी वाचली. वक्ते पाच-सहा होते, मागणी मात्र सगळ्यांची एकच : केंद्र सरकारने मध्यस्थी करून हा प्रश्न सोडवावा. ही मागणी मी शाळेत होतो तेव्हापासून ऐकतोय. 2004 च्या आधी तिला काही अर्थ होता. त्यानंतर ती करायची असेल तर आधी दाव्याचे पहिले पान बघून घ्यावे, एवढेच सांगण्यासाठी हे पत्र. जरा लांबेल, जागा द्यावी ही विनंती.

सर्वोच्च न्यायालयातला मूळ दावा क्रमांक 4, सन 2004. वादी महाराष्ट्र राज्य. प्रतिवादी नंबर एक भारत सरकार. कर्नाटकाचे नाव त्याच्या खाली येते. आपण वर्तमानपत्रात ‘महाराष्ट्र विरुद्ध कर्नाटक’ असे छापता, लोकही तसेच बोलतात, आणि पहिला प्रतिवादी अलगद नजरेआड होतो.

मी वकील नाही. बेळगावच्या न्यायालयात दिवाणी कामे बघणाऱ्या एका वकीलसाहेबांकडे कारकून होतो. दावे दाखल करायचे, कोर्ट फी लावायची, समन्स बजावून आले का म्हणून बेलिफाच्या मागे लागायचे, संध्याकाळी उद्याचा बोर्ड, म्हणजे सुनावणीची यादी, लिहून टेबलावर ठेवायचा. साहेब निकालपत्रांची जाड पुस्तके मागवायचे, ती कपाटातून काढताना आणि परत ठेवताना मीही चाळायचो. निवृत्त झाल्यावर वाचायला वेळ मिळाला. वडगावात आमच्या गल्लीच्या तोंडाशी चहाला बसलो की येळ्ळूरचा, धामणेचा कोणी ना कोणी विचारतोच, “काय ओ मामा, दिल्लीची तारीख पडली काय?” त्यांना उभ्या उभ्या जे सांगता येत नाही ते इथे लिहितो.

दिवाणी दाव्यात प्रतिवादी कोणाला करतात? ज्याच्या कृतीने आपला हक्क गेला असे वादीचे म्हणणे असते त्याला. बेळगाव जिल्हा 1 नोव्हेंबर 1956 रोजी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तो म्हैसूरने चालून येऊन घेतला नाही. संसदेने राज्य पुनर्रचना कायदा केला, त्याच्या सातव्या कलमात मुंबई राज्यातले विजापूर, धारवाड आणि कारवार हे जिल्हे आणि ‘चंदगड तालुका वगळून बेळगाव जिल्हा’ असे लिहिले गेले, म्हणून तो गेला. कायदा दिल्लीचा आणि त्यावर सही राष्ट्रपतींची. कर्नाटकाला त्याचा लाभ झाला, ते लाभ सोडणार नाही हे ओघानेच आले. पण ज्या कृतीविरुद्ध दाद मागितली आहे ती कृती केंद्राची आहे. खेड्यात दोन भावांचा बांधाचा दावा लागतो तेव्हा ज्या तलाठ्याने फेरफार ओढला त्यालाच कोणी पंच करून पारावर बसवत नाही. त्याला साक्षीला बोलावतात, नाहीतर प्रतिवादी करतात.

कैफियतीत, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात, केंद्राने काय म्हटले? 2010 च्या जुलैमध्ये केंद्राचे प्रतिज्ञापत्र दाखल झाले. हा भाग म्हैसूर राज्यात घालण्यात मनमानी झालेली नाही आणि चूकही झालेली नाही, 1956 ची राज्य पुनर्रचनेची आणि 1960 ची मुंबई राज्याच्या विभाजनाची विधेयके करताना संसदेने आणि सरकारने सगळ्या बाबी विचारात घेतल्या होत्या, असा त्याचा मथितार्थ. महाराष्ट्रात तेव्हा चार दिवस आरडाओरडा झाला. मग दुसरे विषय आले. बेळगावात आपणही पुन्हा ‘केंद्राने लक्ष घालावे’ म्हणायला लागलो. केंद्राने लक्ष घातलेले आहे की! लेखी, शपथेवर, सर्वोच्च न्यायालयात घातलेले आहे. ते आपल्या विरुद्ध आहे इतकेच.

यात पक्षाचे राजकारण बघू नका. दावा दाखल झाला तेव्हा दिल्लीत वाजपेयींचे सरकार होते, प्रतिज्ञापत्र आले तेव्हा मनमोहन सिंगांचे. पुढे 14 डिसेंबर 2022 रोजी गृहमंत्री अमित शहा यांनी शिंदे आणि बोम्मई या दोन्ही मुख्यमंत्र्यांना समोर बसवले, दोन्हीकडचे तीन-तीन मंत्री मिळून सहा जणांची समिती ठरवली, आणि सर्वोच्च न्यायालयाचा निकाल येईपर्यंत कोणी कोणाच्या भागावर हक्क सांगू नये असे ठरल्याचे जाहीर केले. त्यानंतर पंधरा दिवसही झाले नसतील. 22 तारखेला कर्नाटक विधानसभेने बेळगावच्या सुवर्ण सौधात एक इंचही देणार नाही असा ठराव केला आणि 27 तारखेला महाराष्ट्र विधिमंडळाने नागपुरात 865 गावे महाराष्ट्रात घेण्याचा. दोन्ही ठराव एकमताचे! त्या बैठकीत केंद्राला कोणी विचारले का, की साहेब, या दाव्यात आपण स्वतः पक्षकार आहात, आपले 2010 चे म्हणणे आजही तेच आहे का? विचारले असते तर मध्यस्थीची खरी किंमत कळली असती.

आता दावा अडलाय कुठे ते सांगतो. लोकांना वाटते तारखा पडतात, म्हणून अडलाय. तारखा पडतात हे खरे. 30 नोव्हेंबर 2022 ची सुनावणी लागली नाही तेव्हा बेळगावात केवढी निराशा झाली होती! दोन्ही राज्यांतून आलेले न्यायाधीश अशा दाव्यातून बाजूला होतात, त्यामुळे पीठ जमायलाच वेळ लागतो. 2014 मध्ये न्यायालयाने साक्षीपुरावे नोंदवायला निवृत्त मुख्य न्यायमूर्ती मनमोहन सरीन यांची नेमणूक केली होती. ते काम सुरळीत झाले असते तर आज आपण कुठच्या कुठे असतो. पण कर्नाटकाची मूळ हरकत वेगळीच आहे : हा दावा चालूच शकत नाही. राज्यांच्या सीमा ठरवणे हे घटनेच्या तिसऱ्या कलमाप्रमाणे संसदेचे काम, 131 व्या कलमाखाली न्यायालयाने त्यात हात घालू नये. आमच्या आवारात याला ‘मेंटेनेबिलिटी’ म्हणतात. प्रतिवादीच्या वकिलाला पुराव्याला तोंड द्यायचे नसले की तो पहिला हाच अर्ज देतो. कायद्याने त्याला तो हक्क आहे, तक्रार नाही.

131 वे कलम म्हणजे राज्य विरुद्ध केंद्र, किंवा राज्य विरुद्ध राज्य, असा दावा थेट सर्वोच्च न्यायालयात लावण्याची वाट. खाली जिल्हा न्यायालय नाही, उच्च न्यायालय नाही. पण त्यात एक अट आहे : वादात असा प्रश्न हवा, की ज्यावर एखाद्या कायदेशीर हक्काचे अस्तित्व किंवा व्याप्ती अवलंबून आहे. सगळी लढाई या एका वाक्यावर आहे. बहुसंख्य मराठी गाव मराठी राज्यात असावे हा महाराष्ट्राचा कायदेशीर हक्क आहे, की ती राजकीय अपेक्षा आहे? कर्नाटक म्हणते अपेक्षा. महाराष्ट्र म्हणतो, 1956 चा कायदा करताना शेजारच्याला एक माप आणि आम्हाला दुसरे माप लावले, म्हणून समानतेचा भंग झाला. आंध्र आणि मद्रासची सीमा ठरवायला नेमलेल्या पाटसकरांनी गाव हा घटक धरला, भाषिक बहुसंख्या आणि सलगता बघितली, आणि 1959 मध्ये संसदेने त्याप्रमाणे कायदा केला. आमच्याकडे जिल्हा धरला. आणि जिल्हा तरी कुठे अखंड धरला? चंदगड काढलाच ना! तालुका काढता येतो तर गाव का काढता येत नाही, याला मी अजून समाधानकारक उत्तर वाचलेले नाही.

गंमत म्हणजे याच 131 व्या कलमाची वाट कर्नाटकाने स्वतः वापरलेली आहे. 1977 मध्ये केंद्रात जनता सरकार आले. त्याने मुख्यमंत्री देवराज अरस यांच्यावरच्या आरोपांची चौकशी करायला न्यायमूर्ती ग्रोव्हर यांचा आयोग नेमला. कर्नाटक राज्य चिडले, आणि केंद्राविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्राची हरकत काय? चौकशी मंत्र्यांची आहे, राज्याची नाही, राज्याचा कुठलाच हक्क गेलेला नाही, सबब दावा चालत नाही. सात न्यायाधीशांचे पीठ बसले. बहुमताने ही हरकत फेटाळली आणि दावा चालू शकतो असे ठरले. गुणदोषावर मात्र कर्नाटक हरले. आज कर्नाटकाचे वकील म्हणतील की तेव्हाचा वाद केंद्राच्या अधिकाराचा होता, सीमेचा नव्हता. हे म्हणणे अगदीच टाकाऊ नाही. पण राज्याच्या हक्काचा अर्थ कोता करू नका, असा आग्रह ज्या राज्याने तेव्हा धरला त्याच राज्याने आता तो कोता करायला सांगावा, हे मला आमच्या आवारातल्या जुन्या पक्षकारांसारखे वाटते. वादी झाले की एक कायदा, प्रतिवादी झाले की दुसरा.

आणि इथे माझा मुख्य मुद्दा येतो, जो बेळगावात कोणी बोलत नाही. आपल्या दाव्यातला हा प्रश्न आपल्याच दाव्यात सुटेल असे नाही. तो दुसऱ्या राज्यांच्या आणि केंद्राच्या भांडणात आधी सुटू शकतो.

2011 मध्ये मध्य प्रदेशच्या दाव्यात दोन न्यायाधीशांनी सांगितले की केंद्रीय कायदा घटनाबाह्य आहे असे म्हणायला 131 व्या कलमाखाली येता येत नाही. तो दावाही एका राज्य पुनर्रचना कायद्याविषयीच होता, 2000 सालच्या. हा निकाल आपल्याला सरळ मारक आहे, कारण महाराष्ट्राचे आव्हान 1956 च्या कायद्यालाच आहे. पुढे झारखंड आणि बिहार यांच्यात पेन्शनच्या बोज्यावरून दावा लागला. तिथे 2015 मध्ये दुसऱ्या दोन न्यायाधीशांनी म्हटले, आम्हाला मध्य प्रदेशचा निकाल पटत नाही, आणि प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवला. पाटण्याचे निवृत्त कर्मचारी आणि रांचीचे निवृत्त कर्मचारी यांच्या पेन्शनचा हिशेब, आणि त्यात बेळगावचे भवितव्य अडकलेले! न्यायालयाच्या कामात असे होते.

पुढचे बघा. पश्चिम बंगालने सीबीआयला राज्यात तपास करायला दिलेली सर्वसाधारण संमती 2018 मध्ये काढून घेतली, तरी सीबीआय गुन्हे नोंदवत राहिली, म्हणून बंगालने केंद्रावर दावा लावला. केंद्र म्हणाले, सीबीआय म्हणजे आम्ही नव्हे, दावा चालत नाही. 10 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती गवई आणि न्यायमूर्ती मेहता यांनी ही हरकत फेटाळली. केंद्र सरकार राज्यांचे दावे दारातच अडवायला बघते आणि न्यायालय प्रत्येक वेळी अडवू देत नाही, इतके त्यातून दिसते.

सगळ्यात जवळचा दावा केरळचा. राज्याने कर्ज किती काढावे यावर केंद्राने मर्यादा घातली, म्हणून केरळ न्यायालयात गेले. 1 एप्रिल 2024 रोजी न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, पण प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे पाठवले. पाठवताना जे प्रश्न लिहून दिले त्यात एक प्रश्न नेमका तोच आहे : 131 व्या कलमातल्या ‘कायदेशीर हक्काचे अस्तित्व किंवा व्याप्ती’ या वाक्याचा खरा अर्थ काय? म्हणजे ज्या वाक्यावर आपला दावा लटकलाय, त्याच वाक्याचा अर्थ घटनापीठ केरळच्या कर्जाच्या निमित्ताने लावणार. त्यांनी अर्थ रुंद लावला तर कर्नाटकाच्या हरकतीतली हवा बरीच जाईल. अरुंद लावला तर आपल्या वकिलांना तोंड लपवायला जागा राहणार नाही. मग त्या सुनावणीत महाराष्ट्राने हस्तक्षेप अर्ज देऊन आपले म्हणणे मांडायला नको? मला तर हे हुतात्मा चौकातल्या दहा भाषणांपेक्षा महत्त्वाचे वाटते. माझे म्हणणे काहींना कडू लागेल. लागो.

आणखी एक गोष्ट, जिच्यामुळे मला कधी कधी झोप येत नाही. ज्यांची गावे आहेत ते या दाव्यात कुठेच नाहीत. 131 व्या कलमाखाली पक्षकार फक्त सरकारे. बिहारने गंडक प्रकल्पासाठी घेतलेल्या लोखंड-पोलादाच्या नुकसानीचे दावे लावले होते. त्यात केंद्राबरोबर हिंदुस्तान स्टील या सरकारी कंपनीलाही प्रतिवादी केले होते. 1969 मध्ये न्यायालयाने सांगितले, या कलमात कंपनीला किंवा खासगी माणसाला जागा नाही. सरकारी कंपनीला जागा नाही तिथे येळ्ळूरच्या ग्रामस्थांना कुठली? सीमाभागातल्या महाराष्ट्र एकीकरण समितीने कितीही कागद जमवले तरी तिला वकीलपत्र देऊन त्या न्यायालयात वादी म्हणून उभे राहता येत नाही. आपला वादी मुंबईत बसतो. तो कधी जागा असतो, कधी निवडणुकीत असतो. त्याने साक्षीदारांची यादी वेळेत दिली का, दिल्लीत ज्येष्ठ वकील उभे केले का, हे बघायला आपण मुंबईला शिष्टमंडळ नेतो आणि फोटो काढून परत येतो. पक्षकार नसलेल्या माणसाला वादीवर लक्ष ठेवणे हेच काम उरते, आणि ते आपण नीट करत नाही. दरेक तारखेनंतर महाराष्ट्र सरकारने बेळगावात येऊन, आज न्यायालयात काय झाले, आपण काय मागितले, समोरच्याने काय सांगितले, हे लेखी द्यावे. आमचे साहेब साध्या भाडेकरूच्या दाव्यातही पक्षकाराला पोस्टकार्ड पाठवायचे.

समजा, दावा जिंकला. पुढे? सभेत सांगतात त्याप्रमाणे दुसऱ्या दिवशी जिल्हाधिकारी कचेरीवरची पाटी बदलणार नाही. सीमा बदलायची तर तिसऱ्या कलमाखाली संसदेतच कायदा लागतो. राष्ट्रपतींची शिफारस लागते, विधेयक संबंधित राज्यांच्या विधिमंडळांकडे मत मागायला जाते, मग संसदेत साधे बहुमत पुरते. विधिमंडळाचे मत बंधनकारक नाही, हे मुंबई राज्याच्याच प्रकरणात, बाबूलाल पराते यांच्या दाव्यात, 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून टाकले आहे. म्हणजे कर्नाटक विधानसभेने एक इंचही देणार नाही असा एकमताने ठराव केला, तरी कायद्याच्या नजरेत तो अडसर नाही. आणि महाराष्ट्राचा एकमताचा ठराव हीही चावी नाही. चावी तिसऱ्याच्या हातात आहे, आणि तो तिसरा पहिला प्रतिवादी आहे.

हरियाणाचे उदाहरण आपल्या लोकांनी वाचावे. सतलज-यमुना जोड कालव्यासाठी हरियाणाने याच 131 खाली पंजाबवर दावा लावला आणि 15 जानेवारी 2002 रोजी हुकूमनामा मिळवला. पंजाबने कालवा पुरा करून द्यायचा होता. पंजाबने 2004 मध्ये पाणीवाटपाचे करारच रद्द करणारा कायदा केला. तो कायदा घटनेला धरून नाही, हे मत न्यायालयाने 2016 मध्ये दिले. कालवा अजून पुरा झालेला नाही. दावा जिंकणे एक, दरखास्त चालवणे, म्हणजे निकाल अमलात आणून घेणे, दुसरे, हे आमच्या आवारातला चहावालाही सांगेल.

मग केंद्राकडे मागायचे तरी काय? मध्यस्थी नको, निवेदन मागा. न्यायालयात केलेले निवेदन. 370 व्या कलमाच्या निकालात, 11 डिसेंबर 2023 रोजी, जम्मू-काश्मीर राज्याचा केंद्रशासित प्रदेश करता येतो का हा तिसऱ्या कलमाचाच प्रश्न न्यायालयापुढे होता. सॉलिसिटर जनरलांनी उभे राहून सांगितले की राज्याचा दर्जा परत दिला जाईल, आणि न्यायालयाने ते निवेदन नोंदवून घेऊन तो प्रश्न निर्णयासाठी घेतलाच नाही. केंद्राच्या वकिलाच्या एका निवेदनाचे न्यायालयात एवढे वजन असते. आपल्या दाव्यात केंद्राच्या वकिलाने एवढेच म्हणावे, की दावा चालू शकतो की नाही यावर आम्ही कर्नाटकाच्या हरकतीला पाठिंबा देत नाही, पुरावा होऊ द्या. किंवा 2010 चे प्रतिज्ञापत्र सुधारून म्हणावे, की गाव हा घटक धरून हा भाग पुन्हा तपासायला संसदेला आडकाठी नाही. यात कर्नाटकाचे एक गावही जात नाही. पण दावा हलतो. महाराष्ट्रातून लोकसभेत 48 खासदार जातात. त्यांनी मंत्र्याला ‘मध्यस्थी कधी करणार’ असे न विचारता ‘आपल्या प्रतिज्ञापत्रातला अमुक परिच्छेद आजही कायम आहे का’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला मंत्री हसून उत्तर देतो. दुसऱ्याला फाईल मागवावी लागते.

केंद्र न्यायालयात उभे राहिले की हलते, याचा अनुभव इथल्या शेतकऱ्यांना ताजा आहे. 2023 च्या खरिपात कर्नाटकातल्या 236 पैकी 223 तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. राज्याने 18,171 कोटी मागितले. महिने गेले, दिल्लीतून काही येईना. शेवटी राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. केंद्र आणि राज्य यांच्यात स्पर्धा नको असे न्यायमूर्तींनी सुनावले, आणि एप्रिल 2024 मध्ये सुमारे साडेतीन हजार कोटी मंजूर झाले. मागणीच्या मानाने थोडेच. माझ्या खानापूरच्या मेहुण्याच्या खात्यावर त्यातली काही रक्कम आली, तो मराठी बोलतो. शेजारच्याच्या खात्यावर आली, तो कन्नड बोलतो. त्या याचिकेत कर्नाटक सरकार आमच्या वतीने भांडले, हे सांगायला मला कमीपणा वाटत नाही.

आमच्याच खोलीत दुसऱ्या टेबलावर एक कन्नड कारकून होते, वयाने मोठे, त्यांना सगळे अण्णा म्हणायचे. 1 नोव्हेंबरला ते राज्योत्सवाचा पेढा माझ्या टेबलावर ठेवायचे आणि मी काळ्या दिनाच्या फेरीला जायचो. पेढा संध्याकाळी खायचो. ते म्हणायचे, तुमच्या लोकांनी सीमेसाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल स्वीकारला असता तर निपाणी, खानापूर, नंदगड केव्हाच मिळाले असते, 264 गावे होती. मी म्हणायचो, आणि बेळगाव? मग दोघेही आपापली कामे करायचो. 1967 पासून कर्नाटक ‘महाजन अहवाल अंतिम’ म्हणत आहे आणि महाराष्ट्र तो नाकारत आहे. पण तो अहवाल ज्यांनी मागवला आणि संसदेत कायद्यात उतरवला नाही, ते सरकार दिल्लीचे. अण्णा आणि मी भांडायचो ते अशा माणसावरून, जो खोलीत नव्हताच.

सबब, संपादक महाशय, आपल्याकडे दोन मागण्या. महाराष्ट्र सरकारने केरळच्या दाव्यात हस्तक्षेप अर्ज द्यावा की नाही, यावर आपल्या अंकात मुंबईच्या आणि बेळगावच्या वकिलांची मते मागवून छापा. विरोधी मतही छापा. हस्तक्षेप केल्याने आपला दावा आणखी रखडेल असे म्हणणारे वकील मला भेटले आहेत, त्यांचे कारण लोकांना कळू दे. आणि आपल्या दिल्लीच्या वार्ताहराला सांगा, की आठवड्यातून एकदा सर्वोच्च न्यायालयाच्या यादीत तीन नावे बघायची : आपला दावा, मोठ्या पीठाकडे गेलेला झारखंड-बिहारचा प्रश्न आणि केरळचे घटनापीठ. यातले कुठलेही लागले तरी ती बेळगावची बातमी आहे. केरळच्या 1 एप्रिल 2024 च्या आदेशाची प्रत मी छापून घेतली आहे. प्रश्न शेवटच्या पानांवर आहेत, त्यांवर खूण केली आहे. हवी असल्यास कचेरीत आणून देतो.

कळावे.

आपला,
एक निवृत्त वकील-कारकून
वडगाव, बेळगाव
(घरातले एक जण सरकारी नोकरीत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)